पाचाच्या आतली मुलं

तिला सगळे तारीखमावशी म्हणायचे. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र कायम उलटं लटकलेलं असायचं, त्यामुळे नाव कळण्याचा कुणाला योगच यायचा नाही. तारीखमावशी म्हटलं की मुख्य कचेरीतल्या मोठ्या मॅडमपासून गाडीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळायचं, ही ती, जी दगडाच्या पोटातूनसुद्धा जन्मतारीख काढते.

आणि काढायचीच. दर काही वर्षांनी सरकारची मोठी घरोघरची पाहणी निघायची. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, त्या घरातल्या बायकांना विचारायचं: किती बाळंतपणं झाली, कुठे झाली, मुलाला लस दिली का, जुलाब झाले का, काल त्यानं काय खाल्लं, घरात पैसा कुणाच्या हातात, नवरा हात उचलतो का. मुलांची उंची मोजायची, वजन करायचं, दंडाला पट्टी लावायची. या सगळ्यातून मग देशातल्या बायका आणि मुलं कशी आहेत, याचे आकडे निघायचे. पण हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असायचा: मूल जन्मलं कधी? आणि नेमकं तेच बायकांना सांगता यायचं नाही. "झाली असतील तीनेक वर्षं," असं म्हणून त्या मोकळ्या. दुसरी एखादी पाहणीवाली 'तीन' लिहून पुढे सरकली असती. मावशी हातातलं पेन खाली ठेवायची.

"बाजारात कमरेइतकं पाणी आलं होतं बघा, त्या वेळी हा पोटात होता की कडेवर?"

"पोटात! सातवा लागला होता. मला तर टेबलावर चढवून बसवलं होतं सगळ्यांनी."

झालं, महिना सापडला. कुठल्याही भागात शिरण्याआधी मावशी चहावाल्याजवळ, केस कापणाऱ्याजवळ, दवाखान्यातल्या जुन्या नर्सजवळ तास तास बसायची आणि यादी बनवायची: पूर कधी आला, बसचा संप कधी झाला, कारखान्याला आग कधी लागली, पूल कधी खचला. तिच्या लेखी आपत्ती वाईट नव्हतीच. "आग लागल्याशिवाय तारीख कळत नाही," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची.

या कामात तिला सत्तावीस वर्षं झाली होती. नवरा दूरच्या शहरात कामाला म्हणून गेला. आधी पत्रं आली, मग पत्रांमधलं अंतर वाढलं, मग नुसतं अंतरच राहिलं. त्या काळात कुणीतरी म्हणालं, पाहणीला लिहितावाचता येणाऱ्या बायका हव्यात, आणि ही निघाली. तिला स्वतःला मूल झालं नाही. पण बहीण गेली आणि तिची सहा वर्षांची मुलगी मावशीच्या पदरात आली. अंगानं एवढीशी, म्हणून चिमणी. मावशीनं तिला वाढवलं, शिकवलं, आणि या खेपेला आपल्याच तुकडीत घेतलं. चिमणी हुशार होती, बोलायला गोड होती आणि कामाला विजेसारखी होती. दिवसाला पाच घरं व्हायला हवीत, ही मावशीची शिस्त. बाकीच्यांची चार व्हायची, कधी साडेतीन. चिमणीची पाच म्हणजे पाच. मावशी सगळ्यांसमोर म्हणायची, "हिच्याकडून शिका जरा." ज्या गोष्टीची माणूस फुशारकी मारतो, तिच्याकडे तो कधी नीट बघत नाही. मावशीनंही बघितलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मुख्य कचेरीतून मॅडमचा फोन आला. तुकडी एका बंद पडलेल्या शाळेच्या खोल्यांत उतरली होती. कुणी मापाच्या फळ्या पुसत होतं, कुणी टॅबलेट चार्जिंगला लावत होतं.

"मावशी, तुमच्या तुकडीत चार वर्षांची मुलं कुठे गेली?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे?"

"तीन वर्षांची एकोणीस आहेत. पाच वर्षांची एकतीस. आणि चार वर्षांची सहा. चार वर्षांची मुलं काय गाव सोडून गेली?"

मावशी बाकावर बसली. दुसऱ्या कुणाला यात काही समजलं नसतं. तिला एका क्षणात समजलं. मूल पाच वर्षांच्या आतलं असलं की त्याच्यामागे लांबलचक प्रश्न लागतात: गरोदरपणात तपासणी झाली का, बाळंतपण कुणी केलं, लसी, खोकला, ताप, खाणं, शिवाय उंची, वजन, दंड. एका मुलामागे पाऊण तास. पाचाच्या पुढचं मूल असलं की टॅबलेट यातलं काहीच विचारत नाही, थेट पुढच्या भागावर उडी मारतो. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलाला लिहिताना साडेपाचाचं केलं की पाऊण तास वाचला. चार वर्षांची मुलं गाव सोडून गेली नव्हती. त्यांना कुणीतरी एका बोटानं मोठं केलं होतं.

"कुणाचा टॅबलेट?" तिनं विचारलं.

"तीन नंबर."

तीन नंबर चिमणीचा.

"मॅडम, मशीन चुकलं असेल."

"मशीनला कंटाळा येत नाही, मावशी. ती तुमची भाची आहे, मला माहीत आहे. खरं तर या तपासणीला तुम्हाला पाठवायला नको. पण दुसरा माणूस यायला आठवडा लागेल, आणि तुम्ही माझ्याशी आजवर खोटं बोलला नाहीत. चार घरं पाठवते. पुन्हा जा, तारखा पुन्हा काढा. चारपैकी तीन चुकल्या, तर नियम तुम्हाला माहीत आहे."

नियम मावशीनंच कितीतरी जणींना वाचून दाखवला होता. टॅबलेट काढून घ्यायचा, बाईला त्याच दिवशी घरी पाठवायचं, आणि पुन्हा कुठल्याच पाहणीत तिला उभं करायचं नाही.

"जाते," मावशी म्हणाली. "आणि चारही बरोबर आणून दाखवते. माझ्या हाताखाली असलं होत नाही."

चिमणी समोरच उभी होती. फोनवरचं अर्धं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती मापाची फळी पुसत राहिली. ती फळी आधीच स्वच्छ होती, हे मावशीच्या नंतर लक्षात आलं.

पहिलं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, उभ्या लोखंडी जिन्यानं चढून जायचं. खोलीभर शर्टांचे ढीग, आणि बाई त्यांना बटणं लावत बसलेली. तिचा मुलगा त्याच ढिगात लोळत होता.

"हा कधीचा?"

"कारखान्याला आग लागली ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. धुरानं मी खोकत होते आणि नर्स म्हणाली, खोकू नका, कळा द्या!"

आग जूनमधली. चार वर्षं पाच महिने. मावशीनं तारीख घातली आणि बटण दाबलं. तपासणीत तसंच होतं, आधी आपण तारीख घालायची, मग शेजारी जुनी दिसते. जुळली तर हिरवी खूण, नाही तर लाल पट्टी. लाल पट्टी आली. जुन्या नोंदीत महिना जूनच होता. वर्ष मात्र एकानं मागे.

"मागे आलेल्या ताईंना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"हेच की. आग."

आईच गोंधळली असेल त्या दिवशी, मावशीनं जिना उतरताना स्वतःला समजावलं. शर्ट मोजता मोजता काहीतरी सांगितलं असेल. आपल्या माणसासाठी माणूस किती झटकन वकील होतो!

दुसऱ्या घरात सगळं जुळलं. तिथे मूल सात महिन्यांचं होतं, त्याला पाच वर्षांचं करायला जादूगारच लागला असता, पण मावशीला एवढा विचार करायचा नव्हता. हिरवी खूण बघून तिनं गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगितलं, "बघा! उगाच पोरीवर आळ घेतात."

"मी कुठे काय म्हणालो?" ड्रायव्हर म्हणाला. तो गेली अकरा वर्षं मावशीच्या गाडीवर होता आणि कधी काय म्हणायचं नाही, हे शिकलेला होता.

तिसरं घर म्हणजे विटांची एकच खोली, वर पत्रा. भिंतीवर खिळ्याला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुलीचं लसीचं कार्ड. कार्ड असलं की यादी लागत नाही, आग लागत नाही, पूर लागत नाही. दवाखान्याचा शिक्का, निळ्या शाईत जन्मतारीख. मुलगी साडेचार वर्षांची. मावशीनं तारीख घातली. लाल पट्टी. महिना तोच, दिवससुद्धा तोच. वर्ष एकानं मागे.

इथे आईचा गोंधळ नव्हता. कार्ड बघून कुणी गोंधळत नाही.

"त्या ताईंनी हे कार्ड बघितलं होतं?"

"बघितलं ना. फोटोसुद्धा काढला."

"आणि मुलीचं वजन केलं?"

"नाही. त्या म्हणाल्या, पाच झाली की मोजत नाहीत."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आत्तापर्यंत मावशीनं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष कार्डावर. आता पाहिलं. मोठे डोळे, बारीक मान, आणि फ्रॉकच्या बाहीतून निघालेला दंड मावशीच्या अंगठ्याएवढा. तपासणीत वजन करायची गरज नव्हती, पण तिनं गाडीतून काटा आणवला. मुलगी काट्यावर उभी राहिली. दहा किलो सहाशे ग्रॅम. मावशीनं तिला उतरवलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा उभं केलं. दहा किलो सहाशे. दोन वर्षांच्या पोराचं वजन. अशी मुलगी सापडली की पाहणीवालीनं जागच्या जागी दवाखान्याची चिठ्ठी फाडून आईच्या हातात द्यायची असते. चिठ्ठ्यांचं पुस्तक तुकडीतल्या प्रत्येकीच्या पिशवीत असतं. चिमणी या घरात दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली होती. म्हणजे दोन महिने ही मुलगी अशीच चौकटीला टेकून उभी होती.

मावशीनं चिठ्ठी लिहिली. "आजच जा," ती आईला म्हणाली. "उद्या नाही. आज."

"पण ताई म्हणाल्या होत्या, मोठी झालीय..."

"ताई चुकल्या."

गाडी पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत उभी होती. घरं दाखवायला सोबत आणलेली चिमणी गाडीच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. मावशीचा चेहरा बघून तिनं पुडा बाजूला ठेवला. ड्रायव्हरनं त्या दोघींकडे पाहिलं आणि त्याला अचानक टायरमधली हवा तपासायची आठवण झाली.

"किती?" मावशीनं विचारलं. "किती मुलांना मोठं केलंस?"

"मावशी, हळू बोल."

"किती?"

"मोजली नाहीत." चिमणीनं मान खाली घातली. "सगळीच नाही. घरात दोन-तीन लहान मुलं असली की एखादं. संध्याकाळ व्हायला लागली की."

"का गं? तुला कुणी शिकवलं हे?"

चिमणीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण त्याहून जास्त आश्चर्य होतं, जणू मावशीनंच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

"तूच," ती म्हणाली.

"मी?"

"डोंगरावरच्या घराची गोष्ट! दर प्रशिक्षणात सांगतेस की. तुझी पहिली पाहणी, शेवटचं घर, खाली गाडी हॉर्न वाजवतेय, आणि ते पोर काही केल्या मापाच्या फळीवर झोपेना. मग तू त्याला पाच वर्षांचं केलंस. 'आईच्या दुधानं वर्षभरात वाढलं नसतं तेवढं पोर माझ्या पेनानं मिनिटात वाढवलं.' सगळ्या हसतात. मी तर लहानपणापासून ऐकतेय. पाहुणे आले की सांगायचीस."

गोष्ट खरी होती. सत्तावीस वर्षं ती सांगत आली होती, चहाबरोबर, हशा हमखास. शेवटी "तुम्ही असलं करू नका हं," असंही म्हणायची, पण तोवर सगळ्यांचं हसणं सुरू झालेलं असायचं.

"ती गंमत होती," ती कशीबशी म्हणाली.

"मला काय माहीत, कुठली गंमत आणि कुठली युक्ती? आणि संध्याकाळी तूच विचारतेस ना, पाच घरं झाली का? चार म्हटलं की तोंड वाकडं करतेस. पाऊण पाऊण तासाची तीन मुलं एका घरात असली की पाच घरं कशी होतात, हे तू कधी विचारलंस?" चिमणी रडायला लागली होती. "कागदावरची तारीख तर होती. कुणाचं काय बिघडलं असं वाटलं मला."

मावशीच्या डोळ्यांसमोर तो अंगठ्याएवढा दंड आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणावर? ती चिमणीशेजारी पायरीवर बसली. दोघींमध्ये बिस्किटांचा पुडा होता.

चिमणी हळूच म्हणाली, "मावशी, दोनच लाल झालीत ना? एकच घर राहिलंय. तुला तारखा काढता येतात, तशा घालताही येतील. एक हिरवी खूण. पुन्हा नाही करणार मी असं, तुझी शपथ. हे काम गेलं तर मी काय करू?"

मावशीनं 'नाही' म्हणायला हवं होतं. सत्तावीस वर्षं या कामात मुरलेली बाई, डोळ्यांत बोट घालून दुसऱ्यांना नियम शिकवणारी. पण 'नाही' तोंडातून निघालं नाही. या गोष्टीनं ती दिवसभरातल्या इतर कशाहीपेक्षा जास्त हबकली. ती उठली आणि चौथ्या घराकडे चालू लागली. चिमणी मागोमाग आली. तिला परत पाठवायचंही मावशीला सुचलं नाही.

चौथं घर गल्लीच्या टोकाला. आत एका बाजूला निळी पत्र्याची पेटी, आणि बाकी खोलीभर पुठ्ठ्याच्या घड्या. बाई औषधांची खोकी करत होती. दोन बोटांत पुठ्ठा धरायचा, चार ठिकाणी मोडायचा, खोकं तयार. बोलतानाही तिचे हात थांबत नव्हते. तिनं मावशीला चटई दिली. चिमणी उंबऱ्याबाहेरच थांबली, भिंतीआड.

"पुन्हा कशाला?" बाईनं विचारलं. "एकदा झालं की."

"तपासायला येतो आम्ही, मागच्या वेळी नीट लिहिलं की नाही ते. किती बाळंतपणं झाली तुमची?"

"दोन. मुलगा आता शाळेत गेलाय, सात वर्षांचा. त्याच्या पाठची मुलगी."

"मुलगी घरी आहे?"

बाईनं हातातलं खोकं पूर्ण केलं, ढिगावर ठेवलं. "नाही. मुलगी गेली."

मावशीनं असं शेकडो वेळा लिहिलं होतं. तरी प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी ती थोडी थांबायची. "जन्म कधीचा तिचा?"

"बसचा संप चालू होता. तिसरा दिवस. रिक्षाही मिळेना. यांनी मला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, रस्ताभर लोक बघत होते."

संप ऑगस्टमधला. चार वर्षं तीन महिने. यात कुठे शंकेला जागाच नव्हती. "आणि गेली तेव्हा केवढी होती?"

"दोन वर्षं एक महिना. सप्टेंबर होता. तीन दिवस ताप, बस."

मावशीनं वय घातलं. मग जन्माचा महिना, ऑगस्ट. मग वर्ष. पडद्यावर वर्षाचं छोटंसं चाक होतं, बोटानं फिरवायचं. चिमणीनं इथे काय लिहिलं असेल, हे आता तिला पाठ झालं होतं: महिना तोच, वर्ष एकानं मागे. चाक एक वर्ष मागे सरकवलं की हिरवी खूण. सहा वर्षांची असताना हातात छोटी पिशवी घेऊन आलेली पोर भिंतीआड उभी होती. इथे कुणाच्या दंडाला पट्टी लावायची नव्हती, कुणाला दवाखान्यात पाठवायचं नव्हतं. मुलगी तर गेलेलीच होती. आता तिचं काय बिघडणार होतं?

मावशीचं बोट हललं. चाक एक वर्ष मागे गेलं. तिनं ते मागे जाताना पाहिलं, आणि थांबवलं नाही.

"अहो, चुकलं तुमचं," बाई म्हणाली.

मावशी दचकली. बाई खोकी सोडून तिच्या खांद्याजवळ येऊन बसली होती आणि पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत होतं.

"हे वर्ष नाही. याच्या पुढचं. आणि हे खाली काय आलंय?"

जन्माची तारीख आणि वय घातलं की मृत्यूचा महिना टॅबलेट आपणहून काढतो आणि खाली दाखवतो. वर्ष मागे गेलं तसा तोही मागे गेला होता. बाईनं पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"हा सप्टेंबर?" तिचा आवाज एकदम चढला. "या सप्टेंबरात गेली म्हणता? अहो, या सप्टेंबरात ती चालायला लागली! इथून उठली, तशी त्या निळ्या पेटीपर्यंत गेली. पाच पावलं. मी ओरडले, तर शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं काय झालं! मेलेलं मूल चालतं का हो?"

सत्तावीस वर्षांत तिनं किती मुलांच्या तारखा काढल्या होत्या, किती मृत्यूंचे महिने लिहिले होते, पण एक वर्ष मागे सरकवलं म्हणजे काय केलं, हे तिला आज या क्षणी कळलं. ते वर्ष रिकामं नव्हतं. त्यात या पेटीपर्यंतची पाच पावलं होती. ती तिनं आत्ता, स्वतःच्या बोटानं, पुसून टाकली होती.

"मागच्या वेळी त्या ताईंनीही असंच लिहिलं होतं का?" बाईनं विचारलं. "मी तिला तीनदा सांगितलं होतं, संप, संप, संप. ती म्हणाली, हो हो, कळलं."

भिंतीआडून हुंदक्याचा आवाज आला. बाईनं दाराकडे पाहिलं. चिमणी उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, तोंडावर हात दाबून.

"हीच ती," बाई म्हणाली.

"हो. ती माझी भाची आहे," मावशी म्हणाली. "आणि तिला हे मी शिकवलं. आत्ता तुमच्यासमोर मीही तेच करत होते. मला माफ करा म्हणायलाही तोंड नाही."

बाई नुसती बघत राहिली, आधी मावशीकडे, मग चिमणीकडे. आपल्या मुलीचं एक वर्ष या दोघींना कशाला हवं होतं, हे तिला काही केल्या समजत नव्हतं, आणि ते न समजणं तिच्या चेहऱ्यावर उघडं दिसत होतं.

मावशीनं चाक पुढे आणलं. "ऐका," ती म्हणाली. "मुलगी. जन्म ऑगस्टमध्ये, संपाच्या वर्षी. हयात नाही. वय दोन वर्षं एक महिना. आहे बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तेवढीच होती."

मावशीनं बटण दाबलं. लाल पट्टी आली. तिसरी. खालच्या रिकाम्या चौकटीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, चूक शिकवणारी म्हणून. खालच्या रिकाम्या चौकटीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, चूक शिकवणारी म्हणून. उंबऱ्यातून चिमणीनं तीन नंबरचा टॅबलेट पिशवीतून काढला आणि मावशीजवळ चटईवर आणून ठेवला. ठेवताना तिचं मावशीकडे बघायचं धाडस झालं नाही.

"झालं ना?" बाईनं विचारलं. तिचा हात पुन्हा पुठ्ठ्याकडे गेला होता.

"नाही," मावशी म्हणाली. "अजून बरेच प्रश्न आहेत. ती पोटात असताना तुमची तपासणी झाली का, जन्मली तेव्हा वजन केलं होतं का, दूध कधी पाजलं. मागच्या वेळीच विचारायला हवे होते, ते राहून गेले. वेळ लागेल. पाऊण तास तरी."

बाईनं हातातला पुठ्ठा खाली ठेवला. ढीग दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि मांडी घालून मावशीसमोर बसली.

"लागू दे," ती म्हणाली. "ती गेल्यापासून तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलंच नाही."